डांबरावर पळणारा अन् रानात न फसणारा टायर पाहिजे

गाडीचे टायर बदलायचेत हे वाक्य चारचौघात मोठ्यानं बोललं की पंगतीतला वाढपीसुद्धा बुंदी वाढता वाढता थांबतो अन् विचारतो, "एटी घ्यायलाव का एचटी?" लग्नाला मुलगी बघायला निघालो होतो तेव्हा कुणी एवढं विचारलं नव्हतं. इथं मात्र ज्याच्याकडं सायकल आहे त्याचंबी टायरवर मत आहे, अन् ते ऐकून घेतल्याशिवाय तो आपल्याला जेवू देत नाही.

आमचं दुखणं तसं साधं. राहायला छत्रपती संभाजीनगरला, शेत गंगाथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, शहागडच्या अलीकडं हायवे सोडून आत, अन् सासरवाडी नागपूर. म्हणजे एकाच बोलेरोनं एका शनिवारी सोलापूर-धुळे हायवेनं आडूल, पाचोड करत जायचं, मग मुरमाचा रस्ता, मग पांदण, मग पांदण संपली की नुसतं काळं रान. अन् पुढच्या शनिवारी त्याच गाडीनं समृद्धीवर चढून नागपूरकडं सुटायचं, सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, मे महिन्यात ४३ डिग्री ऊन, शेजारी बायको, मागं लेकरं अन् आंब्याची पेटी. आता या दोन्हीला चालंल असा टायर द्या म्हणलं की दुकानदार आपल्याकडं असं बघतो जसं आपण उधारीवर मागितलाय.

आधी थोडं व्याकरण. एचटी म्हणजे हायवेचा, एमटी म्हणजे चिखलाचा, एटी म्हणजे सगळीकडं चालणारा. आम्हाला आजवर एसटी तेवढी माहीत होती अन् ती खरंच सगळीकडं चालते. टायरच्या अंगावर जे लिहिलेलं असतं ते मी कधी वाचलंच नव्हतं, आता तोंडपाठ झालंय. २१५/७५ आर १५, १०० एस. २१५ मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या ७५ टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, आर म्हणजे रेडियल, १५ इंचाची रिम, १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलोपर्यंत वजन चालंल, अन् एस म्हणजे ताशी १८० पर्यंत टायर टिकंल. माझी बोलेरो कधी १८० नं गेलीच तर ती घाटातून खाली पडत असणार, त्यामुळं त्या अक्षराची मला काळजी नाही.

पहिला सल्लागार भाचा. भाच्याकडं स्प्लेंडर आहे, तिच्यातलं पेट्रोल माझं, पण मोबाईलवर तो दिवसभर लडाखमध्ये जीप चालवतो. तो म्हणला, "मामा, एमटीच टाका, अन् २३५ चा टाका, गाडी कशी उभी राहती बघा." गाडी आत्ताबी उभीच राहती, पळत नाही हा प्रॉब्लेम आहे, पण हे त्याला सांगून उपयोग नाही. मी कागद काढला. २३५/७५ आर १५ टाकला तर टायरचा व्यास जवळजवळ ४ टक्क्यानं वाढतो, मीटरला त्याची खबर नसते, तो बिचारा जुन्या मापानंच मोजतो. म्हणजे हिशोबानं मीटरवर ११६ दिसत असताना गाडी खरी १२१ नं जायची अन् कॅमेऱ्यानं फोटो काढून चलान घरी पाठवायचं. माझी बोलेरो ११६ ला जाईल का, हा वेगळा विषय. शिवाय वळणावर स्टेअरिंग पूर्ण कापलं की मोठा टायर आत घासायची भीती, वजन जास्त, पिकअप कमी. अन् मुख्य म्हणजे माझ्या गाडीला फोर बाय फोर नाही, फक्त मागची दोन चाकं ओढतेत. पुढच्या चाकांना एमटी घालून ती काय करणार, दिसणार.

एमटी डांबरावर काय करतो हे एका ओळखीच्या ठेकेदाराच्या गाडीत बसून बघितलं. मोठमोठे ठोकळे, त्यात हात जाईल एवढी फट, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर मुळात कमी. साठच्या पुढं गेलं की खालून एक सूर सुरू होतो तो थेट डोक्यात जातो, अन् पावसात ब्रेक मारला की गाडी जरा विचार करून थांबते. ठेकेदार म्हणला सवय होते. त्याला झालीय, तो आता फोनवरबी ओरडून बोलतो.

दुसरा सल्ला ऑफिसातून. वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना आहे, त्यामुळं अख्ख्या एमआयडीसीत कुणीबी उठून टायरचा तज्ज्ञ होतो. आमच्या कंपनीत टायर सोडा, रबराचं वॉशरबी बनत नाही, तरी क्वालिटीतले एक साहेब मला चहाच्या टपरीवर अर्धा तास कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण, समजावत होते. नरम रबर रस्त्याला धरून राहतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्या डांबरावर सटकतं. ठोकळ्यांवर ज्या बारीक बारीक चिरा असतेत, साइप म्हणतेत त्याला, त्या ओल्या रस्त्यावर पकड द्यायच्या कामाच्या. ठोकळा जेवढा उंच तेवढा तो पळताना हलतो, हलला की तापतो. हे सगळं खरंय हे मला मागाहून कळलं, त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की चहाचे पैसे आता कोण देणार.

आता तिसरे सल्लागार, म्हणजे आमचे तात्या, माझे चुलते. शेत तेच बघतात. त्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे अन् जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर ट्रॅक्टर आहे. "ह्याच्या मागच्या चाकाला कशा आडव्या-तिरप्या नख्या हायेत बघ, तसला टायर मिळतोय का जीपला?" म्हणलं तात्या, तसला टायर घालून नागपूरला गेलो तर सासरे घरात घेणार नाहीत. "मग शेतात कशाला येतूस, हायवेला थांबत जा, मी येतो घ्यायला." हे त्यांनी रागानं म्हणलं होतं. ते वाक्य मी ध्यानात ठेवलं.

कारण आमच्या काळ्या मातीचं प्रकरण ज्याला माहीत नाही त्याला टायरचं काही सांगण्यात अर्थ नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला मित्र सांगतो की तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं अन् उन्हाळ्यात आकसतं, म्हणून एप्रिलमध्ये रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतेत. तात्या एवढं लांब नाव घेत नाहीत. ते म्हणतात, ही माती पायातली चप्पल अन् सरकारनं केलेला रस्ता, दोन्ही ठेवत नाही. मृगाचा एक बरा पाऊस झाला की पांदणीत गाडी घालायची अन् काचेतून मान बाहेर काढून चाकाकडं बघायचं. पहिल्या फेऱ्यात खाचा भरतेत. दुसऱ्या फेऱ्यात खाचा दिसायच्या बंद. मग त्या मातीवर माती, मातीवर गवत, गवतावर परत माती, अन् पन्नास पावलांत एटी, एमटी, एचटी सगळे एकाच जातीचे होतेत, काळे, गोल, गुळगुळीत. शेवटी माती मडगार्डला जाऊन भिडते, इंजिन बोंबलतं, अन् चाक एकतर जागेवर गरगरतं नाहीतर फिरतच नाही. मग उतरायचं, एखादी तुराटी हुडकायची अन् खाचाखाचांतून माती उकरायची. खाचेच्या मापाची वडी निघते, साइडवॉलवरून पापुद्रा सोलला तर त्यावर कंपनीच्या नावाची उलटी अक्षरं उमटलेली असतेत, चांगली वाचता येतेत. तुराटी मोडते. दुसरी हुडकायची. तोवर आपल्या बुटाला एक एक किलो लागलेली असते ती वेगळीच.

अन् गोष्ट तिथं संपत नाही. गाडी कशीबशी डांबराला लागली, धुतल्यासारखं केलं, घरी निघालो, की पाचोडच्या अलीकडं ऐंशीला स्टेअरिंग थडथडायला लागतं. मला वाटलं बॅलन्सिंग गेलं, अलाइनमेंट गेलं, पाचोडला पंक्चरच्या दुकानात थांबलो तर चाचांनी चाकाच्या आतल्या बाजूनं हात घातला अन् वाळलेली माती काढायला सुरुवात केली. रिमच्या आत एका अंगाला नुसता थापा बसलेला. "बॅलन्सिंग कायकू करते साब, पैले अपना खेत तो निकालो." पाण्याचा पाइप मारला, थडथड बंद. पैसे घेतले नाहीत, पण मी कुठला टायर घ्यायलो हे विचारून त्यांनीबी मत दिलंच.

त्यांचं मत मात्र ऐकण्यासारखं निघालं. म्हणले चिखलाचं टायर बघूच नका, आमच्याकडं चिखलानं टायर खराब होऊन कुणी येत नाही, येतेत ते बाभळीच्या काट्यानं, पऱ्हाटीच्या अन् तुरीच्या धसकटानं अन् खडीच्या धारदार दगडानं. काटा ट्यूबलेसला काही करत नाही, रुतून बसतो, हवा हळूहळू जाते, आपण येऊन काढून घेतो. धसकट मात्र तिरपं साइडवॉलमध्ये घुसलं की संपलं, तिथं पंक्चर काढून हायवेला पळवायचं नसतं, टायर फेकायचा. म्हणजे बघायची ती साइडवॉल. एवढे लोक भेटले, साइडवॉलचं नाव पहिल्यांदा यांनी काढलं. अन् हवा. चिखलात उतरताना काही जण हवा वीसपर्यंत कमी करतेत, टायर पसरतो, पकड मिळते, ते बरोबरच. पण तीच हवा घेऊन गडी डांबराला लागतो अन् शंभरनं सुटतो, साइडवॉल दर फेऱ्याला दुमडत राहते, तापते अन् फुटते. समृद्धीवर टायर फुटायच्या गोष्टी जो तो सिमेंटवर ढकलतो. सिमेंट तापतं ते खरं, पण मला विचाराल तर कमी हवा अन् घासलेला टायर यांना यात फार स्वस्तात सोडलं जातं.

मग दुकान. बायको सोबत आली, ती फार्मासिस्ट आहे. शेठनी बसवलं, चहा सांगितला अन् पोरानं एक दणदणीत टायर गडगडत आणला. त्याच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर अन् त्यात बर्फाचं फूल. "साहेब, हा बर्फात बी चालतंय." म्हणलं आमच्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर, तोबी पोत्यात गुंडाळलेला. पोरगं हसलं नाही, त्याला ते चिन्ह दाखवायची ट्रेनिंग असणार. दुसरा टायर आणला, भाव एकदम मऊ, शेठ म्हणले तुमच्यासाठी म्हणून. मी खूश होऊन मान हलवणार तोवर बायको उकिडवी बसून टायरच्या अंगावर काहीतरी हुडकायलेली. "हे पहा, १४२२. म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा, एप्रिल. काऊन हो शेठ, हा इतके दिवस काय करत होता?" शेठ म्हणले, मॅडम, टायरला एक्स्पायरी नसते. हे वाक्य त्यांनी फार चुकीच्या माणसाला ऐकवलं. पुढची पंधरा मिनिटं रबर पडून पडून कसं कडक होतं, उन्हात ठेवलं तर काय होतं, यावर शेठनी गप ऐकून घेतलं, पोरगं स्टूल घेऊन जवळ आलं. शेवटी गोडाऊनमधून नवीन तारखेचा माल आला अन् भावात दीडशे रुपये प्रत्येकी वर गेले. ते तिनंच मग खाली आणले.

घेतला तो एटीच, पण सौम्यातला. मधले ठोकळे जवळजवळ, त्यावर साइप भरपूर, खांद्याला जरा मोकळी फट, साइडवॉल जाड, माप कंपनीचंच २१५. स्टेपनीसकट पाच. मुरमावर, खडीवर, उन्हाळ्यात ढेकळांवर झकास चालतो, हायवेला पावसात गाडी जिथं थांबवायची तिथं थांबते. आवाज थोडा येतो म्हणतेत, पण माझ्या बोलेरोत तो ऐकायचा तर आधी दरवाजे, सीट, मागचं हूक अन् लेकरं यांना गप करावं लागंल. भाचा बघायला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली अन् म्हणला, "मामा, बदलले कधी?" बदललेत म्हणल्यावर त्याचं तोंड उतरलं.

पावसाळ्याचं काय, तर ते तात्यांच्या त्या रागातल्या वाक्यावर सोपवलं. पाऊस झाला की गाडी फाट्यावर, हॉटेलच्या शेडखाली, अन् तात्या ट्रॅक्टर घेऊन यायले. पहिल्या दिवशी ते ट्रॅक्टरवरूनच टायर बघून म्हणले, "नवा टायर घेतलास अन् गाडी डांबरावरच?" मी मातीचं, खनिजाचं, सगळं सांगायला लागलो तर मधेच तोडून म्हणले, "बरोबर केलास. चिखलात पायताण हातात घ्यायचं असतंय, पायात नाही." तात्यांनी माझं एवढं कौतुक बारावीच्या निकालालाबी केलं नव्हतं. मी मडगार्डवर बसलो, बायकोनं दिलेला डबा मांडीवर धरला, ट्रॅक्टर निघाला.

थोडं पुढं गेल्यावर म्हणले, "जुने टायर कुठायत?"

म्हणलं शेठला दिले, घासून गेले होते, त्यानं बिलातनं थोडे कमी केले.

तात्यांनी ट्रॅक्टर पांदणीच्या मधोमध थांबवला. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली की ती वाऱ्यानं उडू नये म्हणून वरती टायर लागतेत, दरवर्षी लागतेत, अन् यंदा चार मिळणार म्हणून त्यांनी दगड जमा केले नव्हते. "एवढ्या मोठ्या नोकरीवर हाईस, चार टायर सांभाळता आले नाहीत?" घरी पोचेपर्यंत काकू, चुलतभाऊ, शेजारचे दोघं, सगळ्यांना ती बातमी गेली, नवे टायर कुठले हे कुणीच विचारलं नाही.

सोमवारी शेठकडं गेलो. त्यानं ओळखलं, चहा सांगितला. माझेच चार टायर मागं भिंतीला लावलेले होते. म्हणला, "घेऊन जा की साहेब, पण आता जुन्या मालाला डिमांड आहे," अन् ज्या भावात घेतले होते त्याच्या दुप्पट सांगितले.