नानांचा नातू आणि रायफल

काल तालमीच्या कट्ट्यावर नानांनी मोबाईल फिरवला. टेक्सासचा नातू, वय 7, हातात त्याच्याएवढीच रायफल, मागं बाप दात काढून उभा. फॅमिली ग्रुपवर नुसता अंगठ्यांचा पाऊस, फक्त पुण्याच्या आत्यानं 'लाजा वाटत नाहीत का' असं टाकलेलं आणि नाना सकाळपासून त्यावरच पेटलेले.

"रक्तात आहे आमच्या! पणजोबांकडं ठासणीची बंदूक होती."

"होती की," पक्या म्हणाला, "तुमची आजी तिच्यावर परकर वाळत घालायची."

"तू बोलूच नको, तुझी पोरगी पण नेमबाजीच्या रेंजवर जाते. स्वप्निल कुसाळेला ऑलिंपिकला ब्राँझ मिळालं तेव्हा पेढे कुणी वाटले?"

"मीच वाटले. पण नाना, ती एअर रायफल आहे, 4.5 मिलिमीटरचा छर्रा, 10 मीटरवर टार्गेट. आधी कितीतरी दिवस कोचनं नळी कुणाकडं वळवायची नाही एवढंच घोकून घेतलं, आणि मला तर आत उभं पण करत नाहीत, फोटो लांबच राहिला. ते 2014 चं ॲरिझोनाचं आठवतंय का? 9 वर्षांची पोर, हातात उझी मशीनगन, एक गोळी नीट सुटली म्हणून शिकवणाऱ्यानं ऑटोमॅटिकवर टाकून दिली, धक्क्यानं नळी वर उडाली आणि तोच शेजारी उभा होता, गेला बिचारा. आईबाप काय करत होते? व्हिडिओ काढत होते. आणि रेंजचा नियम 8 वर्षांचा, म्हणजे सगळं नियमातच."

सुभ्याला मिशिगन आठवलं. "ते तिथल्या ऑक्सफर्ड गावातले आईबाप, पोराला पिस्तूल घेऊन दिलेले. त्यानं गोळ्या झाडल्या, शाळेत चौघं मेली. 2024 ला आई आणि बाप दोघांना 10 ते 15 वर्षं."

"तो पोरगा बिघडलेला होता. आमचा रोज रामरक्षा म्हणतो."

"मग काय, रामरक्षा म्हटली की सेफ्टी आपोआप लागत असेल."

मी मधे सुपौल काढलं, बिहारमधलं, त्याच वर्षी नर्सरीतल्या पोरानं दप्तरातून पिस्तूल नेऊन तिसरीतल्या पोराच्या हातावर गोळी झाडली ते. पक्या एवढंच म्हणाला, "नर्सरीतलं पोर पिस्तूल विकत घेत नाही."

नाना आता जुन्या हिशोबावर आले. "1999 च्या दिवाळीत माझ्या लुनाखाली सुतळी बॉम्ब कुणी लावला? तेव्हा कुठं गेली होती अक्कल?"

"लक्ष्मी बार होता नाना, सुतळी नव्हता. आणि माझ्या बापानं त्याचा व्हिडिओ नाही काढला, पट्टा काढला."

चहा सांडेस्तोवर हसलो. नाना एकटेच बसले, तोंड फुगवून, तुमची पोरं इथंच राहिली म्हणून जळता वगैरे सुरू.

तेवढ्यात हॉर्न वाजला. नानांचा इथला नातू, आठवीतला, ॲक्टिव्हा घेऊन आजोबांना न्यायला हजर. हेल्मेट नाही. पाय जेमतेम टेकतात.

सगळे गप्प.

"गल्लीतल्या गल्लीत चालवतोय," नाना पुटपुटले.

"25000 दंड आहे नाना, आणि आत जातो तो बाप," सुभ्या.

पक्यानं मोबाईल काढला. "बसा नाना मागं, जरा हसा. आत्याला पाठवू."

नाना बसले, पण हसले नाहीत. चहाचे पैसेही दिले नाहीत.