मावशी, आधी ती ॲसिडची बाटली खाली ठेव

'निळी-पांढरी जुनी चिनी बशी अस्सल की नकली, घरच्या घरी ओळखा' हा फॉरवर्ड मावशीपर्यंत पोचलाय. आजीची बशी बादलीत जायच्या आत एकेक मुद्दा.

'टॉयलेट क्लीनरमध्ये रात्रभर ठेवा, निळा उतरला तर नकली.' कोणाच्या डोक्यातून निघालं हे? कोबाल्टची (निळा रंग देणाऱ्या धातूची) नक्षी कच्च्या भांड्यावर काढतात, वर झिलई (काचेसारखा थर) चढवतात आणि साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. रंग काचेखाली बंद होतो. तो चारशे वर्षांपूर्वीच्या बशीवरूनही उतरत नाही आणि अशाच पद्धतीने केलेल्या कालच्या नकलेवरूनही नाही. मग चाचणी कसली? खराब होतात त्या वरच्या गोष्टी: झिलईवरचा लाल रंग, सोनेरी मुलामा, जुन्या डागडुजीचा रंग. तडा असेल तर ॲसिड आत झिरपतं. तुकडे धातूच्या टाचण्यांनी जोडलेले असतील तर त्या गंजतात आणि तड्यात बसलेला डाग सहजी निघत नाही.

'अरबी अक्षरं किंवा पोर्तुगीज राजचिन्ह असेल तर ती चिनी नव्हेच, इराणी.' साफ खोटं. मिंग सम्राट झंगद (१५०६–१५२१) याच्या काळात चीनमधल्या जिंगदेझेन या पोर्सलेनच्या (चिनी मातीच्या भांड्यांच्या) गावातच अरबी-फारसी मजकुराची भांडी बनली, तळाला त्याच सम्राटाचं नाव घालून. ब्रिटिश म्युझियममधल्या पर्सिव्हल डेव्हिड संग्रहात ती आहेत (हे डेव्हिड जन्माने मुंबईचे). जॉर्ज आल्वारेस या पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या बाटल्यांवर तर पोर्तुगीज मजकूर आणि १५५२ हे साल आहे. रंगवणाऱ्याला परकी लिपी वाचता येत नसे, त्यामुळे अक्षरं चुकलेली किंवा राजचिन्ह उलटं दिसलं म्हणून बशी नकली ठरत नाही.

बरं, सुरुवातीच्या काळात उत्तम कोबाल्ट इराणकडून यायचा आणि इराणने चिनी भांड्यांच्या नकलाही केल्या, एवढं खरं. पण ते पोर्सलेन नव्हे. इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने १३०१ मध्ये कृतीच लिहून ठेवली आहे: १० भाग गारेची पूड, १ भाग काच, १ भाग पांढरी माती. हे अंग, म्हणजे झिलईखालची भाजलेली माती, सच्छिद्र राहतं. बुडाच्या कड्यावर झिलई नसलेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. इराणी अंग तो शोषून घेतं, नीट भाजलेलं पोर्सलेन घेत नाही.

'तळाला ज्या सम्राटाचं नाव, बशी त्याच्या काळातली.' कांगशी सम्राटाच्या काळातले कारागीर बिनदिक्कत दोनशे वर्षं जुन्या छंगह्वा सम्राटाचं नाव घालत, आणि एकोणिसाव्या शतकातले खुद्द कांगशीचं.

'विष वाढलं की रंग बदलतो.' नाही बदलत. ही दंतकथा मुळात सेलाडॉन, म्हणजे हिरवट झिलईच्या, थाळ्यांची, आणि तिथेही ती खोटीच.