धबधब्यापर्यंत पोचलंच पाहिजे का?

घरच्यांना घेऊन डोंगरात जायचं असेल तर टोक गाठायचा हट्ट गाडीतच ठेवून उतरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळवंटातल्या ओढ्याकाठी तर नक्कीच.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉन शहराला लागून सांता कॅटालिना डोंगररांग आहे. तिथली बेअर कॅन्यनची वाट सेव्हन फॉल्स या धबधब्यांकडे जाते. वाटेत तोच ओढा सात वेळा ओलांडावा लागतो. आम्ही मार्चमध्ये गेलो, मध्येच परत फिरलो, आणि तेव्हापासून जो तो विचारतोय, "अरेरे, मग फॉल्स राहिलेच की!"

राहिले तर राहिले. खरी मजा ओढा ओलांडण्यात आहे. मुलगी प्रत्येक दगडावर आधी एक पाय टेकवून बघायची, डुगडुगला की दुसरा शोधायची. सासूबाईंनी दोन-तीनदा हे केलं, मग दगडांचा नाद सोडला आणि बुटांसकट सरळ पाण्यातून चालत गेल्या. पलीकडे बसून शेंगदाण्याचा लाडू खाईपर्यंत बूट वरून सुकायलाही लागले होते.

आता गंमत अशी, की जी हवा बूट सुकवते तीच अंगावरचा घामही सुकवते. घाम दिसतच नाही, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळत नाही. त्यात शेजारी ओढा खळखळतोय, कॉटनवुडच्या झाडांची सावली आहे, मग वाळवंटात आहोत हेच विसरायला होतं. ओढ्याचं पाणी शुद्ध केल्याशिवाय प्यायचं नाही, म्हणजे भरवसा पाठीवरच्या पाण्याचाच. आमचा नियम साधा आहे: कुणा एकाचंही पाणी निम्मं झालं की सगळे मागे. मग धबधबा पुढच्या वळणावर का असेना.

"पण एवढ्या लांब आलोय" हे वाक्य मला डोंगरात ऐकवत नाही. उन्हाळ्यात तर ते जिवावर बेतू शकतं. जुलै-ऑगस्टात तिथे मान्सूनचा पाऊस असतो. वर डोंगरात ढग फुटला तर उघडा खडक पाणी जिरू देत नाही, आणि तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो. याच डोंगररांगांच्या परिसरात, टँके व्हर्डे फॉल्सला, जुलै १९८१ मध्ये अशा लोंढ्यात आठ माणसं गेली. सात वेळा ओढा ओलांडून पुढे गेलेल्या माणसाला परतताना तोच ओढा पुन्हा सात वेळा ओलांडायचा असतो, हे सोपं गणित उत्साहात कुणी मांडत नाही.

सासऱ्यांचा दिवस तर एका सवारो निवडुंगानेच वसूल केला. याला पहिला हात, म्हणजे फांदी, फुटायला बहुतेकदा पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात म्हटल्यावर त्यांनी दिसेल त्या सवारोचे हात मोजायला घेतले. नातीशी पैज लावली, हरले, वर वादही घातला.

जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिल बघा. वरचं बर्फ वितळून ओढा वाहता असतो. मे-जूनमध्ये बऱ्याचदा नुसते दगड उरतात. आणि एक जाडा कंगवा न्या. चोया निवडुंगाचे काटेरी गोळे कपड्यांना चिकटले तर हाताने ओढायचे नाहीत, बोटांत रुततात. कंगवा खालून घालून झटक्यात उडवायचे, आणि त्या दिशेला कुणी उभं नाही ना, तेवढं बघायचं.