नंबर सत्तावीस

शाळेचे नाव सांगत नाही. मुलीचा अर्ज अजून तिथल्याच टेबलावर पडलेला आहे आणि माझा स्वभाव मुळीच शूर नाही. एवढेच सांगतो की शाळा पुण्यातली आहे, मुलींची आहे, जुनी आहे, आणि पाचवीला बाहेरच्या मुलींसाठी ज्या मोजक्या जागा उरतात त्यांच्यावर अर्ध्या शहराचा डोळा असतो, कारण बाकीच्या जागा शाळेच्याच प्राथमिक विभागातून वर आलेल्या मुलींनी आधीच भरलेल्या असतात. सेमी इंग्रजी, दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीच्या यादीतली नावे आणि शिस्त, ही चार कारणे आमच्या घरात वर्षभर इतक्या वेळा ऐकू आली की ती मला पाढ्यांसारखी पाठ झाली. फॉर्म गेल्या शनिवारी सकाळी नऊला मिळणार होते. मी पाच वाजून वीस मिनिटांनी फाटकाशी पोचलो, तेव्हा माझ्यापुढे सव्वीस माणसे होती.

ती मला दिसली मात्र नाहीत, कारण कोणी स्कूटरवर कलंडले होते, कोणी समोरच्या दुकानाच्या पायरीवर डुलक्या घेत होते, आणि एक कुटुंब तर मोटारीत रीतसर झोपले होते. सव्वीसचा आकडा मला एका गृहस्थांनी सांगितला. कानटोपी घातलेले हे गृहस्थ फाटकाच्या दगडी खांबाला पाठ लावून घडीच्या स्टुलावर बसले होते. त्यांच्या मांडीवर हिशेबाला वापरतात तसली लांबट वही होती आणि खिशाला एक निळे व एक लाल अशी दोन पेने होती. मी काही विचारण्याच्या आत त्यांनी माझे नाव, मुलीचे नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतला. "सत्तावीस. हजेरी सहाला, पावणेसातला आणि पावणेआठला. हजेरीला नसाल तर नंबर रद्द."

हा आवाज ओळखीचा होता. काउंटरच्या जाळीपलीकडे तीसेक वर्षे घालवल्याशिवाय माणसाला तो येत नाही. काका एका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले होते, हे पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी स्वतःच सांगितले. शाळेनेच त्यांना नेमले असावे असे मी गृहीत धरले. माझ्या आधीच्या सव्वीस जणांनीही तेच गृहीत धरले होते, आणि त्यांच्यात दोन वकील होते.

पुण्यातली रांग तासाभराहून जास्त वेळ उभी राहिली की तिच्यात इतिहास निघतो. साडेसहाच्या सुमारास नंबर चौदाने सुस्कारा टाकून म्हटले की १८४८ साली फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण आणि दगड टाकत होते, आणि आज बघा, त्याच शहरात मुलीच्या प्रवेशासाठी बाप पहाटेपासून रस्त्यावर बसले आहेत. त्यावर नंबर एकोणीसने रानडे, भांडारकर आणि मोडक यांनी १८८४ साली काढलेले मुलींचे हायस्कूल आणले, जे पुढे हुजूरपागा म्हणून नावारूपाला आले. त्यापाठोपाठ तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी 'मराठा'तून केलेली टीका आली, आणि त्यानंतर अर्थातच आवाज चढले. काकांनी वहीतून डोके वर न काढता दोघांनाही गप्प केले.

"म्हणजे १८८४ साली आला असतात तर रांगच नव्हती. तेव्हा मुली मिळत नव्हत्या. तुम्ही एकशे चाळीस वर्षे उशिरा आलात, त्याला मी काय करू?"

यावर दोन्ही वकिलांपैकी कोणालाही काही सुचले नाही.

साडेसातला मी समोरच्या अमृततुल्यात चहाला गेलो. अंतर रस्त्याच्या रुंदीएवढे होते. हजेरीला अजून पंधरा मिनिटे होती, पण पहिल्या कपाने झोप उडाली नाही म्हणून मी दुसरा मागवला, आणि मार्चमध्येही पहाटे गारठा असतो हे ज्याने अनुभवले आहे तो मला त्याबद्दल नावे ठेवणार नाही. परत आलो तेव्हा सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे झाली होती.

"सत्तावीस रद्द," काका म्हणाले.

"अहो काका, मी समोरच होतो. इथून दिसत होतो."

"दिसत होतात. मी पाहिले. दोन कप घेतलेत."

"मग?"

"खातेदार रस्त्यावरून जाताना दिसला म्हणून आम्ही कधी पैसे मोजून दिले नाहीत. नवीन नंबर घ्या. एकसष्ट."

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची छोटी पट्टी काढली, ती वहीवर नीट धरली, आणि लाल पेनाने माझ्या नावावरून एक सरळ रेघ ओढली. तीच रेघ पुढे जाऊन माझ्या मुलीच्या नावावरूनही गेली. खाडाखोड दिसू नये म्हणून शेजारी त्यांनी बारीक सही केली. या गोष्टीला आता आठवडा होत आला. इतरांना हा प्रसंग हसून सांगताना मी पट्टीपर्यंत येतो आणि तिथे माझे हसू थोडे कमी होते. माणसाने हाताने वाकडीतिकडी रेघ मारली असती तर मला इतके लागले नसते.

त्या तिरीमिरीतच मी विचारले, "काका, तुमचा स्वतःचा नंबर कितवा?"

"माझा नंबर नाही. मला फॉर्म नको आहे."

"म्हणजे? तुमची नात...?"

"नात आहे ना. येत्या जूनमध्ये अडीच वर्षांची होईल."

मी काही बोललो नाही. मला वाटते माझे तोंड उघडे राहिले असावे, कारण काकांनी मला समजावून सांगायला सुरुवात केली. पाचवीला अजून वेळ आहे हे त्यांना मान्य होते, पण अभ्यास आधीपासून करावा लागतो. हे त्यांचे तिसरे वर्ष होते. पहिल्या वर्षी नात तीन महिन्यांची होती. त्यांनी मला वहीची मागची पाने दाखवली. कोणत्या वर्षी पहिला पालक किती वाजता आला, खिडकी प्रत्यक्षात किती वाजता उघडली, पाऊस होता की नाही, किती जण हजेरीला गैरहजर राहिले, हे सगळे तक्त्यात होते आणि खाली बेरजा होत्या. असली स्वच्छ वही मी आजवर कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही.

"नात राहते कुठे?" मी विचारले.

"बंगळुरूला. मुलगी-जावई दोघेही तिकडेच नोकरीला आहेत." काकांनी पेनाचे टोपण लावले. "येतील परत. सगळे येतात."

यानंतर त्यांच्याशी भांडणे अवघड झाले, आणि मी निमूटपणे एकसष्टावा झालो. माझ्या रागाचे खरे नुकसान तिथे झाले.

नऊ वाजता शाळेतल्या मावशींनी आतून कडी काढली. फाटक उघडावे म्हणून काका उठले, स्टूल मिटले आणि बाजूला झाले. त्यांची पाठ जिथे टेकलेली होती तिथे खांबावर एक पाटी होती. मी ती इथे जशीच्या तशी देतो. "प्रवेश अर्ज सर्व पालकांना मिळतील. अर्जांच्या संख्येवर मर्यादा नाही. पहाटे येऊन शाळेसमोर रांग लावू नये."

"काका, हे काय आहे?"

"ते दरवर्षीच लिहितात," काका म्हणाले.

फॉर्म सर्वांना मिळाला. साडेनऊला आलेल्या एका बाईंना तो माझ्याआधी मिळाला, कारण मावशींनी ऐनवेळी आयांची वेगळी रांग केली आणि ती आधी सोडली. मुलींच्या शाळेत हा न्याय असू शकतो, पण तो पाच वाजून वीस मिनिटांनी सांगता आला असता.

काल मुलाखत झाली. तिला मुलाखत म्हणायचे नसते, "पालकांशी अनौपचारिक संवाद" म्हणायचे असते, आणि त्याचे कारण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चाळणी म्हणजे काय, तर सोडतीसारखी पद्धत सोडून एका मुलाला दुसऱ्यापेक्षा पुढे काढण्याची कोणतीही रीत, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. हे कलम मी आदल्या रात्री बायकोला मोठ्याने वाचून दाखवले होते आणि ते बाईंना कोणत्या शब्दांत ऐकवायचे याची तालीमही केली होती. प्रत्यक्षात बाई "बसा" म्हणाल्या आणि मी "थँक्यू" म्हणालो.

आई माजी विद्यार्थिनी आहे का, असा फॉर्मवर रकाना होता. माझी बायको सांगलीची असल्याने तो रकाना आमच्यापुरता संपला. मग आमच्या पदव्या, नोकरीच्या वेळा आणि घरी अभ्यास कोण घेते ही चौकशी झाली. आमच्या आधी आत गेलेल्या जोडप्यातले वडील ड्रायव्हरच्या गणवेशातच आले होते आणि दार अर्धे उघडे होते. अभ्यासाचा हाच प्रश्न त्यांना विचारला गेला तेव्हा आतून बराच वेळ कोणीच बोलले नाही, आणि मग आईचा आवाज आला, "ती स्वतःच करते." मला ते उत्तर आमच्या उत्तरापेक्षा शंभर पटींनी चांगले वाटले. समोरच्या कागदावर ते कसे उतरले असेल, याचा मात्र मला भरवसा नाही. दहा वर्षांच्या मुलीला पाचवीत बसायचे असेल तर तिच्या बापाची पदवी कशाला लागते, हे मला काल कळले नाही आणि आजही कळत नाही. जागा कमी आहेत तर चिठ्ठ्या टाका. निदान चिठ्ठी कोणाला नोकरी विचारत नाही.

आमच्या बाबतीत अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. शाळेत दोन वेण्या वर बांधून त्यांना लाल रिबिनी लावाव्या लागतात, आणि माझ्या मुलीने दिवाळीत बॉयकट करून घेतलेला आहे. बाईंनी तिच्या डोक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "जूनपर्यंत वाढतील का?" केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पंधरा जूनपर्यंतच्या तीन महिन्यांत पावणेचार, हा हिशेब मी तिथल्या तिथे मांडला आणि वर "प्रयत्न करू" असेही म्हणालो. प्रयत्न कोणी आणि कसा करायचा हे मला कोणी विचारले नाही. बायकोने माझा पाय दाबला.

शेवटी बाईंनी मुलीला काही विचारायचे आहे का म्हटले. सध्याच्या तिच्या शाळेत वर्गातले बाक हलवायचे झाले की "मुलग्यांनो, उठा" अशी हाक होते आणि मुली भिंतीशी उभ्या राहतात, याचा तिला फार राग आहे.

"इथे मुलगे नाहीत, तर बाक कोण उचलते?"

"आम्हीच उचलतो," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा."

त्या एका वाक्यावर शाळा मुलीच्या पसंतीस उतरली. घरी आल्यावर तिने कंपासपेटीतली पट्टी काढून कानामागचे केस मोजले आणि आकडा तारीख घालून कॅलेंडरवर लिहिला. पट्टी पाहून मला जे आठवायचे ते आठवले.

आज दुपारी मोबाईलवर एक संदेश आला. यादी शुक्रवारी सकाळी दहाला फाटकावर लागणार आहे, असे त्यात होते. खाली लिहिले होते, "हजेरी सहाला. कृपया वेळ पाळावी."

यादीत नाव असायचे ते दहाला गेलो तरी असेल, हे मला समजते. मी पावणेपाचचा गजर लावला आहे आणि बायकोकडे थर्मास मागितला आहे.