नीरोपेक्षा मान इन्युइटांचा

गॉगलच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, पण गॉगलची गोष्ट रोमन सम्राट नीरोच्या पाचूपासून सुरू केलीत ते काही पटलं नाही. प्लिनी या रोमन लेखकाने एवढंच लिहिलंय की नीरो ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचूतून बघायचा. उन्हासाठी की हौसेसाठी, कुणास ठाऊक! खरा मान आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा. वॉलरसच्या सुळ्याचा किंवा लाकडाचा तुकडा चेहऱ्याला नीट बसेल असा कोरायचा आणि डोळ्यांसमोर जेमतेम एक आडवी फट ठेवायची. काच नाहीच! बर्फावरून उसळणारा उजेड त्या फटीतून थोडाच आत येतो आणि हिमांधत्व, म्हणजे बर्फाच्या झगझगाटाने डोळे दिपून तात्पुरतं न दिसणं, टळतं. अशा काही गॉगलना आतून काजळीही फासलेली असायची, चकाकी मारायला.

१९२९ मध्ये स्वस्त गॉगल विकणारा सॅम फॉस्टर, एडविन लँडचं चकाकी अडवणारं पोलरॉइड वगैरे ठीक, ते सगळीकडे वाचायला मिळतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स मात्र तुमच्याकडून सुटला. काचकारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय शोधताना त्याने १९१३ मध्ये सिरियम हा धातू मिसळून अतिनील किरण अडवणारी काच केली. काच नुसतीच काळी असेल, अतिनील किरण अडवत नसेल, तर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि हे किरण उलट जास्तच आत शिरतात. गॉगल घेताना हे बघतो कोण? सगळं लक्ष फ्रेमकडे.