गाडी पाण्यासारखी चालते

मे महिन्यात कोकणात काही विकत घेऊ नये. घर घेऊ नये, छत्री घेऊ नये, आणि जुनी गाडी तर मुळीच घेऊ नये. मेमध्ये इकडे सगळंच टुमटुमीत दिसतं. खरं रूप कळायला मिरग लागावा लागतो.

एवढं शहाणपण मला पावणेदोन लाखांना पडलं.

चिपळूणच्या एका सद्गृहस्थांना गाडी विकायची होती. मध्ये एजंट नाही, कमिशन नाही, घरगुती व्यवहार. गुहागरहून निघताना भावजींना बरोबर घेतलं, कारण त्यांना गाड्यांमधलं कळतं. कळतं म्हणजे काय, तर त्यांनी चारही टायरांना एकेक लाथ घातली, बॉनेट उघडून दोनदा ‘हं’ म्हटलं आणि सरबत आलेलं बघून बॉनेट मिटलं.

मालक बोलायला गोड. "गाडी पाण्यासारखी चालते हो," म्हणाले. मग जरा थांबून, "आणि २०२१ च्या पुरात ती मुंबईला होती हां."

मी हे विचारलंच नव्हतं. तिथेच उठायला हवं होतं. पण हातात कोकम सरबताचा दुसरा ग्लास होता. निघताना त्यांनी डिकीत एक फणसही ठेवला. कापा आहे म्हणाले. घरी येऊन फोडला तर बरका! तरीही आमची ट्यूब पेटली नाही.

आरशाला अत्तराची बाटली टांगलेली होती आणि त्या अत्तराच्या आडून दुसराच कुठलातरी वास डोकावत होता. बायको म्हणाली, "सुक्या बांगड्यांचा डबा उघडल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तुला जिथे तिथे बांगडाच.

मग मिरग लागला. मार्गताम्हान्याच्या अलीकडे धो धो पाऊस, समोर म्हैस. मी हॉर्न दाबला, तर हॉर्न गप्प आणि बायकोच्या बाजूची काच सरसर खाली. ती पुन्हा वर यायला काही तयार नाही. बायकोने ती दोन्ही तळव्यांत धरून वर ओढली आणि घरापर्यंत तशीच धरून बसली, एक शब्द न बोलता. तेवढ्यात माझ्या पायाखालची रबरी मॅट हळूच तरंगायला लागली. खालच्या पत्र्याला रुपयाएवढं भोक होतं आणि त्यातून अख्खा राष्ट्रीय महामार्ग दिसत होता.

शृंगारतळीच्या मेस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. सीटवर बसले आणि विहिरीचा दोर ओढावा तसा सीटबेल्ट ओढत राहिले. आधी काळा पट्टा आला, मग करडा, आणि शेवटची वीतभर लांबी चक्क मातकट. पट्ट्याच्या घडीतून सुकलेला गाळ त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो बोटांनी चुरला.

"एवढ्या लांब पट्टा कोण ओढतो? म्हणून तो धुवायचा राहतो." मग डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर उपटून दाखवला. आतलं तांबं हिरवं पडलेलं. "वाशिष्ठीचा पूर आहे हा. २२ जुलैचं पाणी. कोणी दिलीन हो तुम्हाला?"

"ते म्हणाले, गाडी तेव्हा मुंबईला होती."

"मग मुंबईहून पोहत आली असेल."

मालकांना फोन लावत राहिलो. ते कायम संपर्कक्षेत्राच्या बाहेर. कागदपत्रं बघायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० भिजून एकजीव झालेले. रत्नागिरीला आरटीओत उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी दोन महिने काढले होते, त्यामुळे गाडी कागदोपत्री अजून त्यांचीच. पट्टे मेस्त्रींनी सोडून धुवायला दिले. पावसात ते वाळतायत कसले! पडवीतल्या वलणीवर माझ्या बनियनशेजारी आठवडाभर लोंबत होते.

अशात एक दिवस चिपळूणच्या नाक्यावर पोलिसाने गाडीचा फोटो काढला. थांबवलं नाही, काही नाही. मीही विसरून गेलो.

दोन दिवसांनी फोन वाजला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि तोही त्यांचा.

"अहो, सीटबेल्ट न लावल्याचं चलान माझ्या मोबाइलवर आलंय! परवाच्या मंगळवारचं, चिपळूणचं!"

मी वलणीकडे बघितलं. पट्ट्यातून अजून थेंब टपकत होते.

"शक्यच नाही," मी म्हटलं. "मंगळवारी गाडी मुंबईला होती हां."