गादीतला खड्डा

मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला पोचली की बापाने एखाद्या लॉजमध्ये खोली बघून ठेवावी. आमच्या कन्येने प्रोजेक्टला 'आठवणी' हा विषय घेतला आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या घरातली नेमकी माझी झोपायची खोली निवडली.

"बाबा, कशालाही हात लावू नकोस. सगळं जसंच्या तसं हवंय." हे वाक्य या घरात मी लग्न झाल्यापासून बोलतोय.

माळ्यावरची ट्रंक उतरली, कॅसेटी फडताळावर लागल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ, म्हणून तीच आधी गुंतायची, मग पेन्सिल घालून फिरवत बसायचं, असं मी रंगात येऊन सांगत होतो, तर पोरीने मोबाइल पुढे धरला. आता बटण दाबलं की मी उशीखालून तेच सांगतो. दुसऱ्या बटणाला माझं घोरणं आहे. ते कधी रेकॉर्ड केलं, असं विचारल्यावर मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. मच्छरदाणीवर प्रोजेक्टरने आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पडते. पंगतीत जिलबी वाढणारा मामा रात्रभर माझ्या पायथ्याशी आग्रह करतो.

"अगं, मी झोपायचं कुठे?"

"गादीतला खड्डा हीच तर मुख्य गोष्ट आहे. तू कूस बदलतोस, आकार बिघडेल."

वर ट्रेसी एमिन या ब्रिटिश कलावतीचा दाखला. बाईंनी स्वतःचा न आवरलेला पलंग, चुरगळलेल्या चादरी आणि रिकाम्या बाटल्यांसकट, १९९९ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत मांडला. २०१४ मध्ये लिलावात त्याचे पंचवीस लाख पौंड आले. हा आकडा ऐकल्यापासून बायकोने अंथरुणं काढायचं सोडलंय.

तसं पुण्याला हे वेड नवं नाही. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी लोकांच्या घरातले अडकित्ते, दिवे, दौती आयुष्यभर गोळा केल्या. बाजीराव रोडजवळच्या संग्रहालयात सगळं नीट मांडलेलं आहे. पण त्या अडकित्त्यांचे मालक काचेबाहेर उभे राहून सुपारी मागत नाहीत. मला रोज सकाळी चष्मा लागतो. बीपीच्या गोळ्याही. दोन्ही मांडणीत आहेत.

परीक्षक बाई आल्या. चपला बाहेर काढून आत शिरल्या, खड्डा वाकून पाहिला, मामाची जिलबी पाहिली. मग कोपऱ्यात सतरंजीवर बसलेल्या माझ्याभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली.

"बाकी छान आहे गं," त्या मुलीला म्हणाल्या, "हे मात्र जरा जास्त होतंय. हे काढ."

सध्या मला शेजारच्या काकूंकडे ठेवलंय.